दक्षिणेच्या नागलोकात एक दिवस

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सोळा जण इंदोरा चौकात जमलो, ते जपानी मंदिरं पाहायला. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवलेली होती, सोबत टोपलीभर संत्री आणि दोन घरच्या दशम्या-चटणी. नागपूर आणि वर्धा या दोन जिल्ह्यांत जपानी भिक्खूंमुळे, जपानी दानातून किंवा जपानी श्रद्धेच्या ओढीने उभी राहिलेली ठिकाणं एका दिवसात पाहून होतात, हे नागपूरकरांच्याही सहसा लक्षात येत नाही. एकेक ठिकाण सगळ्यांना ठाऊक असतं. ही सगळी ठिकाणं एका धाग्यात ओवलेली आहेत, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. तो धागा दाखवता यावा म्हणून आमच्या वाचक मंडळाची ही सहल मी आखली होती आणि वाटाड्याचं कामही माझ्याकडेच होतं.

मार्ग असा: आधी इंदोऱ्याचं बुद्ध विहार, मग कामठीचं ड्रॅगन पॅलेस, तिथून मनसरची टेकडी. दुपारी उलट दिशेने नागपूर ओलांडून वर्ध्याचा विश्वशांती स्तूप आणि दिवेलागणीला सेवाग्रामची प्रार्थना. मनसर नागपूरच्या उत्तरेला पन्नास किलोमीटरच्या आत आहे, सेवाग्राम दक्षिणेला पंचाहत्तरेक किलोमीटर. लवकर निघालात तर दिवस पुरतो. उन्हाळ्यात मात्र हा बेत करू नये. मनसरच्या टेकडीवर सावली नाही.

गाडीत बसल्याबरोबर एका काकूंनी विचारलं, "जपानी लोकांचं देऊळ म्हणजे ते लाल कमानीचं ना?" प्रश्न अगदी योग्य होता, आणि त्याचं उत्तर सुरुवातीलाच द्यायला हवं. जपानात दोन वेगळ्या वास्तू असतात. लाल कमान म्हणजे तोरी. ती दिसली की ते जिन्जा, म्हणजे शिंतो परंपरेचं देवस्थान. तिथे 'कामी' वसतात. डोंगर, धबधबा, जुनं झाड, एखादा पूर्वज, यांतलं कुणीही कामी असू शकतं. आपल्याकडचा गावाबाहेरचा म्हसोबा किंवा शिवेवरची मरीमाय डोळ्यांसमोर आणली की कामी समजायला सोपे जातात. दुसरी वास्तू म्हणजे तेरा, बुद्धाचं मंदिर. जिन्जापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचं. तेऱ्यात टाळी नाही, नुसते हात जोडायचे. हजारभर वर्षं या दोन्ही वास्तू एकाच आवारात सुखाने नांदत होत्या. १८६८ साली मेइजी सरकारने हुकूम काढून त्यांची वाटणी केली. आपल्या भागात जे आहे ते सगळं दुसऱ्या प्रकारचं, बुद्धाचं.

बुद्धधर्म कोरियातून जपानला पोचला तो सहाव्या शतकात. त्याच्याबरोबर आपली अर्धी देवसभाच तिकडे गेली. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली, हातातली वीणा जाऊन बिवा नावाचं तंतुवाद्य आलं. गणपती कांगितेन झाला, इंद्र ताइशाकुतेन, यमराज एन्मा. होमाला ते 'गोमा' म्हणतात आणि आजही मंत्र म्हणत अग्नीत समिधा टाकतात. नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरात ब्राँझचा महाबुद्ध आहे. इसवी सन ७५२ मध्ये त्याचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा करण्याचा मान मिळाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूला. तेव्हा तिकडे गेलेला माणूस भारतीय होता. आपल्या सहलीची गोष्ट मात्र तिकडून इकडे आलेल्या माणसांची आहे.

इंदोऱ्याचं विहार भरवस्तीत आहे. आजूबाजूला घरं, दुकानं, सायकली, निळे झेंडे, शाळेला निघालेली पोरं. भव्य काही पाहायला मिळेल म्हणून येणारा माणूस इथे जरा गोंधळतो. माझ्या मते तेच या जागेचं मोठेपण आहे. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांनी आपलं आयुष्य काढायला ही वस्ती निवडली.

ससाईंचा जन्म १९३५ सालचा, जपानच्या ओकायामा प्रांतातल्या डोंगराळ भागातला. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, त्याचा नमुना म्हणजे याच ओकायामाची कोराकुएन बाग. तेव्हा हे नाव मराठी माणसाला अगदीच परकं नाही. तरुणपणी फार घालमेल सोसून ते भिक्खू झाले ते शिंगोन पंथात. या पंथाची स्थापना नवव्या शतकात कुकाई या आचार्यांनी केली. त्याचे मंत्र संस्कृत आहेत आणि ते सिद्धम् लिपीत लिहिले जातात. ही लिपी आपल्या देवनागरीची जवळची नातलग. जपानी स्मशानभूमीत थडग्यामागे उंच अरुंद लाकडी फळ्या उभ्या केलेल्या असतात. त्यांना 'सोतोबा' म्हणतात, म्हणजे आपला स्तूपच. त्या फळ्यांवर काळ्या शाईने काढलेली ही बीजाक्षरं मराठी माणसाने नीट निरखली, तर एखादं अक्षर त्याला ओळखीचं वाटतं आणि अंगावर काटा येतो.

१९६०च्या दशकात ससाई थायलंडला गेले आणि तिथून भारतात आले. राजगीरला तेव्हा विश्वशांती स्तूपाचं बांधकाम चाललं होतं. ते चालवत होते निचिदात्सु फुजीई, म्हणजे आपले फुजी गुरुजी. त्यांची भेट आपल्याला संध्याकाळी वर्ध्यात होणार आहे. ससाई त्या कामात राबले. आता जपानला परत जावं असं मनात असताना एका रात्री त्यांना दर्शन झालं, असं ते स्वतः सांगत आले आहेत. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध समोर उभा राहिला. मी नागार्जुन आहे, असं त्याने सांगितलं आणि 'नान्तेन र्‍युगुजो' इथे ताबडतोब जाण्याची आज्ञा केली. नान्तेन म्हणजे भारताचा दक्षिण भाग. र्‍यु म्हणजे ड्रॅगन, गु म्हणजे राजवाडा, जो म्हणजे गढी. दक्षिणेची ड्रॅगनची राजनगरी.

नकाशावर असं गाव कुठे सापडणार? इथे शब्दाचा प्रवास समजून घ्यावा लागतो. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनी भाषेत जाऊ लागले तेव्हा भाषांतरकारांपुढे 'नाग' हा शब्द आला. पाण्यात राहणारा, पाऊस पाडणारा, रत्नं आणि ज्ञान राखणारा, वेळ आली तर माणसाचं रूप घेणारा. नुसता साप म्हटलं तर यातलं काहीच पोचत नव्हतं. चिनी लोकांकडे असाच एक प्राणी आधीपासून होता, मेघांत आणि पाण्यात राहणारा लुंग. त्यांनी नागासाठी लुंगचंच अक्षर वापरलं. जपान्यांनी ते अक्षर घेतलं आणि उच्चार केला र्‍यु. पुढे इंग्रजीत त्याचा ड्रॅगन झाला. युरोपातल्या कथांमधला आग ओकणारा, राजकन्येला पळवणारा ड्रॅगन याहून निराळा. जपानी बौद्धाचा र्‍यु हा आपला नागच आहे. मग नागांची नगरी कोणती? नागपूर. ससाईंनी तसा अर्थ लावला, आगगाडी धरली आणि त्या दशकाच्या अखेरीस ते इथे उतरले.

त्यांची गाठ पडली वामनराव गोडबोले यांच्याशी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धधर्माची दीक्षा घेतली, त्या सोहळ्याच्या तयारीची धुरा गोडबोल्यांनी वाहिली होती. ससाईंना तोवर आंबेडकर हे नावही धड ठाऊक नव्हतं. इथे आल्यावर जे कळलं ते विलक्षण होतं. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरच का निवडलं याचं कारण सांगितलं होतं. भारतात बुद्धधर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, त्यांची वस्ती या भागात होती आणि गावातून वाहणाऱ्या नदीचं नावही नागच, असा त्यांचा मुद्दा होता. राजगीरला एका जपानी भिक्खूला आणि नागपुरात बाबासाहेबांना, दोघांनाही वाट दाखवली ती याच नावाने. बाबासाहेबांनी ते इतिहासाच्या अभ्यासातून उचललं, ससाईंनी स्वप्नातून. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी थांबावंसं वाटतं.

पुढची पन्नासहून अधिक वर्षं ते इथेच राहिले. हिंदी शिकले, वस्तीवस्तीत फिरले, विहारांच्या पायाभरणीपासून लहान मुलांच्या नामकरणापर्यंत सगळीकडे गेले. व्हिसाच्या मुदतीवरून १९८७ मध्ये त्यांना अटक झाली, तेव्हा त्यांना परत पाठवू नये म्हणून लाखो लोकांनी सह्या दिल्या आणि १९८८ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. बोधगयेच्या महाबोधी विहाराचा कारभार बौद्धांकडे यावा म्हणून १९९०च्या दशकात त्यांनी मोठं आंदोलन उभारलं. पुढे राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे ते सदस्य झाले, दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. जपानला ते पहिल्यांदा परत गेले २००९ साली, चव्वेचाळीस वर्षांनी. आमच्यातले एक आजोबा विहारात पंचांग प्रणाम करून उठले आणि म्हणाले, "माझ्या मोठ्या मुलाचं नाव भंतेजींनीच ठेवलं होतं." नागपूरच्या उत्तर भागात असं सांगणारे कितीतरी लोक भेटतात.

तर्री-पोहे खाऊन आम्ही कामठीकडे निघालो. अंतर पंधरा किलोमीटर. कामठी ही इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली छावणी, कन्हान नदीच्या काठची. विणकरांचं आणि विडी कामगारांचं गाव. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द ज्यांनी रूढ केला ते बाबू हरदास एल. एन. इथलेच. विडी कामगारांची संघटना बांधणारे, १९३७च्या निवडणुकीत निवडून गेलेले आणि १९३९ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारलेले. ड्रॅगन पॅलेस पाहायला येणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवूनच आत जावं, असं मला वाटतं. हे देऊळ जपानी पैशातून बांधलं असलं तरी ते ज्या मातीत उभं आहे ती आधी या लोकांनी कसली.

फाटकापाशी पाटी वाचून आमच्यातल्या सगळ्यांत लहान मुलीने, पाचवीतल्या, लगेच विचारलं, "इथे ड्रॅगन कुठेय?"

तिला मी जपानी मुलांची गोष्ट सांगितली. उराशिमा तारो नावाचा एक कोळी एका कासवाला वाचवतो आणि ते कासव त्याला पाठीवर घेऊन समुद्राच्या तळाशी जातं. तिथे असतो र्‍युगुजो, ड्रॅगनचा राजवाडा. ही गोष्ट जपानात प्रत्येक पोराला पाठ असते. तोच राजवाडा बौद्ध कथांमध्येही येतो. नागार्जुनाला एक थोर नाग समुद्राखालच्या आपल्या वाड्यात घेऊन गेला, रत्नांच्या पेट्या उघडून त्यातले महायान ग्रंथ त्याच्यापुढे ठेवले आणि नागार्जुन ते तिथे वाचत बसला, असं पाचव्या शतकातल्या चिनी चरित्रात लिहिलं आहे. म्हणजे ड्रॅगन पॅलेस हे नाव ऐकताना आपल्याला परकं वाटतं खरं, पण त्याचं साधं मराठी 'नागलोक' असंच होईल.

हे देऊळ १९९९ मध्ये खुलं झालं. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मादाम नोरिको ओगावा यांच्या दानातून ते उभं राहिलं आणि इथली सगळी धुरा वाहिली ती अॅडव्होकेट सुलेखा कुंभारे यांनी. कामगारांचे पुढारी आणि खासदार दादासाहेब कुंभारे यांच्या त्या कन्या. पुढे त्या आमदार आणि राज्यमंत्रीही झाल्या. पांढरीशुभ्र इमारत, पुढे हिरवळ, आणि आत अखंड चंदनातून कोरलेली बुद्धमूर्ती. नक्षीची गर्दी नाही, घंटा नाही, फुलांचे ढीग नाहीत. भिंती मोकळ्या ठेवलेल्या आहेत. जपानी मंदिरकलेत रिकाम्या जागेला जो मान आहे तो इथे जाणवतो. चपला काढून आत गेलं की आपोआप आवाज खाली येतो. आमच्या सोळा जणांत एरवी पाच मिनिटं गप्प न राहणारी माणसं होती, ती इथे अर्धा तास बोलली नाहीत. शेजारीच विपश्यना केंद्र आहे. त्याचं उद्घाटन सप्टेंबर २०१७ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी केलं.

बाहेर पायऱ्यांवर बसून संत्री सोलता सोलता मी त्या मुलीला एक मंत्र शिकवला. दिवसभरात तो आपल्याला पुन्हा भेटणार होता. 'नमु म्योहो रेंगे क्यो'. ऐकायला पूर्ण जपानी. पण सोलून पाहा. नमु म्हणजे नमो, आपलंच. म्यो म्हणजे अद्भुत, हो म्हणजे धर्म. म्योहो म्हणजे सद्धर्म. रेंगे म्हणजे कमळ, पुंडरीक. क्यो म्हणजे सूत्र. सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन, एवढाच त्याचा अर्थ. मूळ ग्रंथ संस्कृतातला. कुमारजीवाने ४०६ साली त्याचं चिनी भाषांतर केलं आणि तेराव्या शतकात निचिरेन या जपानी आचार्याने सांगितलं की सगळ्या ग्रंथाचं सार त्याच्या नावातच आहे, नाव घेत राहा. आपल्याकडे नामदेव-ज्ञानदेव नामस्मरणाचा महिमा सांगत होते, ते याच शतकाच्या अखेरीस. त्या दोन प्रवाहांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे खरं. पण पुंडरीक हा शब्द कानावर पडताच एक वारकरी काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पुंडलिकाचंच नाव!" नाव एकच, हे त्यांचं बरोबर होतं.

या सूत्राच्या बाराव्या प्रकरणात सागर नावाच्या नागराजाची आठ वर्षांची मुलगी येते. बाईला बुद्धत्व मिळणं शक्यच नाही, असं सभेतले थोर थोर म्हणत असताना ती पोर सगळ्यांदेखत ते मिळवून दाखवते. जपानी बायकांनी शतकानुशतकं या कथेचा आधार घेतला. कामठीचं हे देऊळ एका जपानी बाईने दिलं आणि एका मराठी बाईने बांधून घेतलं. नागकन्येची कथा ठाऊक असलेल्या माणसाला या देवळाच्या आवारात ती आठवल्याशिवाय राहत नाही.

मनसरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गावाजवळ तलाव आहे, तलावाच्या काठी टेकडी. गावकरी तिला हिडिंबा टेकडी म्हणतात. जवळच रामटेक, आणि रामटेकच्या परिसरात नागार्जुनाच्या नावाची टेकडीही आहे. नागार्जुन हा दुसऱ्या शतकाच्या आसपासचा तत्त्वज्ञ, 'मूलमध्यमककारिका' या ग्रंथाचा कर्ता. कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर उभी नसते, सगळं एकमेकांच्या आधाराने असतं, हा शून्यवाद त्याचा. तिबेटी परंपरा त्याचा जन्म विदर्भातला मानते. जपानात त्याला र्‍युजु म्हणतात, शब्दशः ड्रॅगनवृक्ष. नागाने ज्ञान दिलं म्हणून नाग, आणि जन्म अर्जुनाच्या झाडाखाली झाला म्हणून वृक्ष. आपल्या ओढ्याकाठचा पांढऱ्या सालीचा अर्जुनसादडा तो हाच. जपानातले आठ प्रमुख पंथ नागार्जुनाला आपला आद्यपुरुष मानतात. विदर्भातल्या शाळेत मात्र तो शिकवला जात नाही, याची मला खंत आहे.

शिंगोन पंथात अशी कथा आहे की दक्षिण भारतात एक लोखंडी स्तूप होता. तो शतकानुशतकं बंद होता. नागार्जुनाने तो उघडला आणि आतली गुह्य विद्या जगाला मिळाली. शिंगोनमध्ये घडलेल्या ससाईंना वाटलं की तो स्तूप इथेच, मनसरला असणार. त्यांच्या पुढाकाराने बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था उभी राहिली आणि १९९०च्या दशकाच्या अखेरीस इथे उत्खनन सुरू झालं. काम पाहिलं ते जगतपती जोशी आणि अरुणकुमार शर्मा या अनुभवी पुरातत्त्वज्ञांनी. विटांचे थरावर थर, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं बांधकाम, कोनाडे, मूर्ती, असं कितीतरी बाहेर आलं. त्यात 'प्रवरेश्वरस्य' अशी अक्षरं असलेला मातीचा ठसाही होता.

इथे अभ्यासकांची मतं फुटतात. टेकडीवरचे काही भाग बौद्ध स्तूपाचे आहेत असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. डच अभ्यासक हान्स बाकर यांनी हे सगळं वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात बांधलेलं प्रवरेश्वराचं शिवमंदिर आणि त्याची राजधानी प्रवरपूर म्हणून वाचलं. इथे १९७२ मध्ये सापडलेली शिवाची देखणी मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टेकडीची मुख्य वास्तू वाकाटकांची, हे म्हणणं मला जास्त पटतं. पण म्हणून ससाईंची श्रद्धा वाया गेली असं मी म्हणणार नाही. ते नागार्जुनाला शोधायला निघाले नसते तर ही टेकडी अजून झुडपांखाली असती. आणि हाती लागला तो प्रवरसेन कोण? माहाराष्ट्री प्राकृतात 'सेतुबंध' हे महाकाव्य लिहिणारा कवी-राजा. माहाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. एका जपानी भिक्खूच्या स्वप्नामुळे मराठी माणसाला आपल्या भाषेतल्या एका जुन्या कवीचं घर सापडलं.

विटांच्या त्या चौथऱ्याशेजारी बसूनच आम्ही दशम्या खाल्ल्या. मनसरच्या विटा पाहायच्या असतील तर जरा वाकून जवळून पाहाव्यात. मोठ्या, चपट्या, आजच्या विटेहून कितीतरी रुंद. काहींच्या कडा पावसाने गोल झाल्या आहेत. काही विटा मात्र काल भट्टीतून काढल्यासारख्या धारदार आहेत.

मग लांबचा पल्ला. नागपूर ओलांडून वर्ध्याला पोचायला अडीच तास लागले. गाडीत बरेच जण झोपले, मीही डुलकी काढली. जागे झालो तेव्हा गोपुरीच्या बाजूला पांढरा घुमट दिसत होता. हा विश्वशांती स्तूप. चारही दिशांना बुद्धाच्या मूर्ती, भोवती बाग, आणि लगतच लहानसं जपानी मंदिर. शेजारी गीताई मंदिर, विनोबांची 'गीताई' शिळांवर कोरलेलं, छप्पर नसलेलं. ही दोन्ही ठिकाणं एकत्रच पाहावीत.

फुजी गुरुजींचा जन्म ६ ऑगस्ट १८८५चा. त्यांनी निप्पोन्झान म्योहोजी हा निचिरेन परंपरेतला भिक्खुसंघ स्थापन केला. बुद्धधर्म भारतातून जपानला आला, आता तो भारताला परत नेऊन द्यायचा, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. १९३१ च्या सुरुवातीला ते कलकत्त्याला उतरले आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणू लागले आणि ते नाव कायमचं चिकटलं. महायुद्धाच्या शेवटी त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, ६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी शांतिस्तूप बांधण्यात घातलं. पहिला जपानात कुमामोतोला १९५४ मध्ये, राजगीरचा १९६९ मध्ये, आणि मग जगभर. १९८५ च्या जानेवारीत ते गेले. वर्ध्याचा स्तूप ही त्यांच्या मनातली इच्छा होती.

त्यांच्या संघाची खूण म्हणजे एक वाद्य. उचिवा दाइको, पंखा-डफ. उचिवा म्हणजे हातपंखा. लोखंडी कड्यावर कातडं ताणून बसवलेलं असतं, मागून उघडं, आणि त्याला लाकडी मूठ. डाव्या हातात मूठ धरायची, उजव्या हातातल्या काठीने ठोका द्यायचा. कातड्यावर उभ्या ओळीत सात चिनी अक्षरं रंगवलेली असतात: ना, मु, म्यो, हो, रेन, गे, क्यो. चालत चालत वाजवायचं हे वाद्य. पायाची लय, हाताची लय आणि जिभेवरचं नाव तिन्ही एक झालं पाहिजे. दिंडीत टाळ घेऊन चाललेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या वारकरी काकूंनी ते ऐकता ऐकताच मांडीवर ठेका धरला होता.

सेवाग्राम तिथून जवळ आहे. बापू कुटीची मातीची भिंत, ताडाच्या पानांनी विणलेल्या चटया, गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ, आणि त्याच्यालगतचं खडी पसरलेलं मोकळं प्रार्थनेचं मैदान. फुजी गुरुजींचे शिष्य असलेले एक जपानी भिक्खू या आश्रमात राहत. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून इथून नेलं. पुढच्या जुलैत गांधीजींनी 'हरिजन'मध्ये जपानी जनतेला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलं. चीनवरच्या आक्रमणाबद्दल त्यांनी जपानला अतिशय कठोर शब्द सुनावले आहेत. त्याच पत्रात, मध्येच, ते या भिक्खूंबद्दल लिहितात. त्यांचं कामसू वागणं, त्यांची शांत मुद्रा, त्यांचं हसू. आणि जाताना मागे राहिलेली त्यांची प्रार्थना आणि छोटा डफ. आमच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेची सुरुवात आता त्यानेच होते, असं गांधीजींनी कळवलं होतं.

आम्ही मैदानावर मांडी घालून बसलो. थंडी पडू लागली होती, शाली बाहेर निघाल्या. आश्रमातली आठ-दहा माणसं आली, समोर कंदील ठेवला गेला. आधी सगळे स्तब्ध बसले. मग एका वयस्क बाईंनी अगदी साध्या आवाजात सुरुवात केली, नम्यो हो रेंगे क्यो. पाचवीतली आमची मुलगी माझ्या शेजारी होती. तिने चटकन माझ्याकडे पाहिलं, सकाळी पायऱ्यांवर केलं होतं तसं बोटांवर एकेक शब्द मोजला, आणि दुसऱ्या वेळेपासून ती सगळ्यांबरोबर म्हणू लागली.